आधी गाडी, मग टायर, शेवटी रिम: कारसाठी चाकांचं माप ठरवायची रीत

टायरच्या दुकानात बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. भिंतीवर टांगलेले अलॉय आवडतात, त्या अलॉयवर बसतील असे टायर शोधले जातात, आणि हे सगळं गाडीखाली मावतंय का ते जॅक लावल्यावर कळतं. तोवर पैसे दिलेले असतात, जुने टायर दुकानदाराने बाजूला ढकललेले असतात, आणि ‘बसतो साहेब, सगळे हेच टाकतात’ यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज उरत नाही.

हाच क्रम उलटा करायचा. आधी गाडीला काय चालतं ते पाहायचं, त्यावरून टायरचं माप काढायचं, आणि त्या टायरला व गाडीच्या हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) जुळेल अशी रिम शेवटी निवडायची. अवघड गणित कुठेच नाही. चुका होतात त्या एखादी पायरी गाळल्याने.

उदाहरणासाठी मी स्विफ्ट घेतो, कारण ती गल्लोगल्ली आहे आणि मापांचा गोंधळही तिच्यात भरपूर होतो. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर१४ येतो, वरच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५. तुमची गाडी दुसरी असली तरी पायऱ्या याच.

## दुकानात जाण्याआधीची तयारी

ही तयारी घरीच करा. दुकानात मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत उभ्या असताना शांतपणे आकडे वाचता येत नाहीत.

हाताशी हवं ते एवढंच: गाडीचं मॅन्युअल, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी किंवा टेप, मोबाइलमधला टॉर्च आणि कॅल्क्युलेटर, आणि एक कोरा कागद. कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे ‘सध्याचं’, उजवीकडे ‘नवीन’. डावा रकाना पूर्ण भरल्याशिवाय उजव्यात काही लिहायचं नाही.

गाडी जुनी घेतलेली असेल तर चाकांवर सध्या जे आहे ते मूळचं आहे असं धरून चालू नका. आधीच्या मालकाने काय बदललं हे तो सांगतोच असं नाही. माझ्या पाहण्यात एक गाडी अशी होती, जिला पुढे एक माप आणि मागे दुसरं माप होतं, आणि नवा मालक दोन वर्षं तशीच चालवत होता.

## पायरी १: दारावरचं स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीच्या खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतं. त्यावर टायरचं माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. पुष्कळदा एकाच स्टिकरवर दोन मापं असतात, कारण कंपनी त्याच मॉडेलला दोन्ही देते. ती दोन्ही लिहून घ्या. तुमच्या गाडीचा खरा पाया हा, चाकावर सध्या जे आहे ते नव्हे.

मग मॅन्युअलचं शेवटचं, तांत्रिक माहितीचं प्रकरण उघडा. तिथे सगळ्या व्हेरिएंटची मापं एका तक्त्यात मिळतात. तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच इंजिनाच्या वरच्या व्हेरिएंटचं माप सापडलं की निम्मं काम झालं. कंपनीने ते माप त्याच सस्पेन्शनवर, त्याच मडगार्डखाली तपासून दिलेलं असतं.

तपासा: इंजिन वेगळं असेल तर ब्रेकही वेगळे असू शकतात. डिझेल किंवा मोठ्या इंजिनाच्या व्हेरिएंटला मोठी ब्रेक डिस्क असेल, तर पेट्रोलच्या खालच्या व्हेरिएंटची छोटी रिम तिच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या जबड्याला, अडते. स्वस्त पडतं म्हणून १५ वरून १४ इंचावर उतरणारे इथेच फसतात.

## पायरी २: टायरवरचे आकडे कागदावर उतरवा

समजा टायरवर १८५/६५ आर१५ ८८ एच असं आहे. त्यातलं एकेक असं:

१८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे मिलिमीटर नव्हेत, रुंदीच्या ६५ टक्के: साइडवॉलची, म्हणजे टायरच्या उभ्या भिंतीची उंची. आर म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा व्यास, इंचात. ८८ हा भाराचा निर्देशांक आणि एच ही वेगाची मर्यादा.

सगळ्यात जास्त गैरसमज दुसऱ्या आकड्याचा. ‘दोन्हीकडे ६५ आहे, म्हणजे उंची सारखी’ असं लोक खुशाल म्हणतात. १८५ च्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी, आणि २०५ च्या ६५ टक्के म्हणजे १३३.२५ मिमी. दुसरा आकडा तोच ठेवून पहिला वाढवला की टायर रुंदही होतो आणि उंचही. पुढचा सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

## पायरी ३: बाहेरचा व्यास काढा

ही पायरी कोणीही गाळू नये. रिम १४ ची असो, १५ ची असो वा १६ ची, रिम आणि टायर मिळून चाकाची एकूण उंची मूळच्या जवळपास तेवढीच राहिली पाहिजे. स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), गिअरचं गुणोत्तर, सगळं त्या उंचीवर बांधलेलं असतं.

रीत अशी: रुंदीला दुसऱ्या आकड्याने गुणा, १०० ने भागा. ही झाली एका बाजूची साइडवॉल. तिची दुप्पट करा. रिमच्या इंचांना २५.४ ने गुणून त्यात मिळवा. आलेला आकडा म्हणजे बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

स्विफ्टच्या दोन मापांवर करून पाहू.

१६५/८० आर१४: १६५ चे ८० टक्के १३२, दुप्पट २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६. बेरीज ६१९.६ मिमी.

१८५/६५ आर१५: साइडवॉल १२०.२५, दुप्पट २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१. बेरीज ६२१.५ मिमी.

फरक दोन मिलिमीटरसुद्धा नाही. रिम एक इंचाने वाढली, साइडवॉल तेवढीच घटली, चाक होतं तेवढंच राहिलं. आता १९५/५५ आर१६ घ्या, बलेनोच्या वरच्या व्हेरिएंटला येतो तो. साइडवॉल १०७.२५, दुप्पट २१४.५, अधिक ४०६.४, म्हणजे ६२०.९ मिमी. तोही त्याच घरात.

याच गाडीवर दुकानदार पुष्कळदा सुचवतो ती दोन मापं बघा.

१७५/६५ आर१४. ‘रुंद आहे, रिम बदलायला नको, माल हजर आहे.’ गणित करा: ११३.७५ ची दुप्पट २२७.५, अधिक ३५५.६, म्हणजे ५८३.१ मिमी. मूळच्या १६५/८० पेक्षा जवळजवळ ६ टक्क्यांनी लहान. गाडी १८ मिमी खाली बसते. आधीच आपल्याकडचे गतिरोधक कुणाच्या मापाने बांधलेले असतात कोण जाणे, त्यात पोटाखालची पाऊण इंच जागा गेली. शिवाय ओडोमीटर जास्त किलोमीटर दाखवू लागतो, म्हणजे मायलेज सुधारल्याचा भास होतो आणि सर्व्हिसिंग लवकर येतं.

२०५/६५ आर१५. हे दुसरं टोक. ६४७.५ मिमी. १८५/६५ आर१५ च्या तुलनेत ४.२ टक्क्यांनी मोठं. आता स्पीडोमीटर कमी दाखवणार. नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये, म्हणून कंपन्या तो थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. मोठं चाक टाकलं की ती राखीव जागा खर्च होते. काटा बिनचूक असेल, तर त्यावर १०० दिसताना गाडी १०४ ने पळत असते. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारसाठी कमाल मर्यादा १०० आहे आणि वेग मोजणारे कॅमेरे काटा बघत नाहीत.

माझी मर्यादा सरळ आहे: मूळ व्यासापेक्षा २ टक्क्यांहून जास्त फरक नको, ना वर ना खाली. ३ टक्क्यांपर्यंत चालतं असं बरेच जण मानतात. कंपनी स्वतः कधीकधी माझ्या २ टक्क्यांहून मोठा फरक ठेवते. क्रेटाचे २०५/६५ आर१६ आणि २१५/६० आर१७ यांच्यात सुमारे अडीच टक्के फरक आहे. पण तिथे कंपनीने तपासून दिलेलं असतं, आपल्याकडे तसं तपासायची सोय नसते.

सावधान: चारही चाकांचा व्यास सारखा ठेवा. दोनच टायर बदलत असाल तर तेच माप घ्या आणि नवी जोडी मागे लावा. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी फिरते, आणि ती सावरणं पुढची पकड सुटण्यापेक्षा फार अवघड असतं. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांना दोन वेगवेगळी मापं अजिबात लावू नका.

## पायरी ४: भार आणि वेग, दोन्ही मूळच्यापेक्षा कमी नकोत

भाराचा निर्देशांक म्हणजे थेट किलो नव्हे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९४ म्हणजे ६७०. हा एका टायरचा भार, तोही पूर्ण दाबाला.

वर व्यासात नापास झालेला १७५/६५ आर१४ इथेही नापास होतो. तो सहसा ८२ चा मिळतो. मूळ टायर ८५ चा असेल तर प्रत्येक चाकामागे ४० किलो क्षमता कमी झाली. चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि मे महिन्यातला डांबरी रस्ता असा योग आला की हे ४० किलो फार मोठे होतात. टायर जास्त दबतो, जास्त तापतो.

वेगाची अक्षरं: एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी ताशी. ‘एवढा वेग आपण थोडाच धरतो’ म्हणून खालचं अक्षर घेऊ नका. उष्णता किती सोसते, याचीही ती खूण आहे.

तपासा: टायरवर ‘एक्स एल’ किंवा ‘रीइन्फोर्स्ड’ लिहिलं असेल तर तो जास्त भार उचलतो, पण त्याला दाबही जास्त लागतो. साध्या टायरच्या दाबावर तो चालवला तर जादा क्षमतेचा लाभ मिळत नाही.

## पायरी ५: आता रिम. चार आकडे, चारही जुळले पाहिजेत

इथे थोडं जास्त थांबू. टायर चुकला तर निदान दिसतो. रिमची चूक डोळ्याला दिसत नाही.

रुंदी. रिमवर ६ जे × १५ असं कोरलेलं असतं. ६ ही इंचातली रुंदी. प्रत्येक टायरला किती ते किती रुंदीची रिम चालते हे ठरलेलं आहे. १८५/६५ आर१५ ला ५ ते ६.५, १९५/५५ आर१६ ला ५.५ ते ७. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला तर तो मध्ये फुगतो, फक्त मधला पट्टा झिजतो आणि वळणावर गाडी डुलते. उलट, रुंद रिमवर अरुंद टायर ताणला तर रिमची कड टायरच्या बाहेर येते आणि पहिल्याच फुटपाथला खरचटते. आपल्या रस्त्यांवर खड्ड्याच्या काठाने ती वाकायलाही वेळ लागत नाही.

पीसीडी. नटाच्या भोकांची संख्या आणि ती ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. स्विफ्टला ४ × १००, क्रेटाला ५ × ११४.३. चार भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजलं की पीसीडी मिळतो. पाच भोकांच्या रिमवर समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. ११४.३ च्या रिमवर ते अंतर ६७.२ मिमी भरतं, ११२ च्या रिमवर ६५.८. दीड मिलिमीटरचाही फरक नाही. नजरेने ओळखणं अशक्य, म्हणून रिमच्या मागे कोरलेला आकडा वाचा.

सावधान: ४ × ९८ ची रिम ४ × १०० च्या हबवर चढते. प्रत्येक भोक एकच मिलिमीटर सरकलेलं असतं, पाना जोरात मारला की नट आवळलेही जातात. पण नटाचा उतार रिमच्या उतारावर सपाट बसत नाही, एका कडेवर टेकतो. असा नट चालताना सैल होत जातो. भोकं घासून मोठी करून देणारा कोणी भेटला तर तिथून गाडी बाहेर काढा. यात तडजोड नाही.

मधलं भोक. हबचा मधला उंचवटा रिमच्या मधल्या भोकात घट्ट बसला पाहिजे. स्विफ्टला तो ५४.१ मिमी, क्रेटाला ६७.१. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं भोक मोठं असतं, ७३.१ सारखं. मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची हब-रिंग मिळते. दुकानात ती द्यायची राहून जाते, आणि मग गिऱ्हाईक पंधरा दिवसांनी येऊन सांगतं की ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. चार वेळा बॅलन्सिंग करूनही थरथर जात नसेल, तर आधी रिंग आहे का ते बघा.

ऑफसेट. रिमवर ‘ईटी ४५’ असं लिहिलेलं असतं. रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं हे अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं.

उदाहरण करून बघा, कारण तोंडी सांगून हे डोक्यात बसत नाही. समजा मूळ रिम ५.५ जे, ईटी ४५ आहे आणि आवडलेली ६.५ जे, ईटी ३८. रुंदी एक इंच वाढली म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिमी. ऑफसेट ७ ने घटला. बाहेरच्या बाजूला १२.७ अधिक ७, म्हणजे चाक १९.७ मिमी बाहेर. आतल्या बाजूला १२.७ वजा ७, म्हणजे ५.७ मिमी आत. जवळजवळ दोन सेंटिमीटर बाहेर आलेलं चाक मडगार्डच्या कडेशी भांडतं, चिखल दारावर उडवतं आणि व्हील बेअरिंगवर कायमचा जादा ताण टाकतं. मूळच्या ऑफसेटपासून ५ मिमीच्या आत राहा.

‘स्पेसर (हब आणि रिम यांच्यात घालायची चकती) टाकून जमवू’ ही सूचना मी तरी कधी मानलेली नाही. रिम चुकीची असेल तर ती बदलायची.

तपासा: नट. लोखंडी रिमचे नट अलॉयला चालतीलच असं नाही. टेकण्याची बाजू शंकूसारखी उतरती की गोल, ते रिमप्रमाणे बदलतं. आटेही वेगळे असतात. मारुतीला १२ × १.२५, होंडा आणि ह्युंदाईला १२ × १.५. हाताने तीन-चार फेरे सहज जात नसेल असा नट पान्याने ढकलू नका.

## पायरी ६: किती इंच वाढवायचं, हे रस्ता ठरवतो

गणितात १६ इंच बसतं म्हणून ते घ्यायलाच हवं असं नाही. १६५/८० आर१४ ची साइडवॉल १३२ मिमी, १९५/५५ आर१६ ची १०७. खड्ड्याचा मार झेलणारी उशी २५ मिमीने कमी झाली. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि पातळ साइडवॉलचा टायर त्यात आपटला की रिमची कड आणि खड्ड्याची धार यांच्यात चिमटला जातो. दुसऱ्या दिवशी साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा दिसतो. तो दुरुस्त होत नाही, टायर टाकून द्यावा लागतो.

कंपनीच्या मापावर एक इंच, आणि तोही वरच्या व्हेरिएंटचं माप असेल तर. यापुढे मी जात नाही. कोकणात, मराठवाड्यातल्या आडवाटांवर किंवा उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्यांवर रोजचं येणं-जाणं असेल तर १४ वरच राहून चांगल्या प्रतीचा टायर घेणं जास्त शहाणपणाचं.

वजनाचाही विचार करा. अलॉय म्हणजे हलकं हा समज दर वेळी खरा नसतो. मोठ्या मापाचं स्वस्त ओतीव अलॉय मूळच्या लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकतं. दुकानाजवळ भंगारवाला असतोच. त्याच्या काट्यावर दोन्ही रिमा ठेवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

## पायरी ७: आधी पुढे-मागे एकेकच चाक लावून बघा

पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला सांगा: पुढे एक आणि मागे एक चाक चढवून बघू. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

पुढचं चाक लावल्यावर गाडी जॅकवरून खाली घ्या. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण मारा, टॉर्च घेऊन आत बघा. मग उजवीकडे पूर्ण मारा, पुन्हा बघा. टायर आणि सस्पेन्शनचा उभा दांडा, टायर आणि प्लास्टिकचं अस्तर, टायर आणि बंपरचं मागचं टोक, सगळीकडे करंगळी मोकळी फिरली पाहिजे. ब्रेक कॅलिपर आणि रिमची आतली बाजू यांच्यात काही मिलिमीटर तरी मोकळे हवेत. चाक हाताने फिरवून कुठे खरखर होते का ऐका.

मागच्या चाकासाठी डिकीत सामान ठेवा आणि मागच्या सीटवर माणसं बसवा. रिकाम्या गाडीत मागे नेहमीच भरपूर जागा दिसते.

हे मी शिकलो ते नुकसान करून. माझ्या हॅचबॅकला १८५/६५ आर१५ होते, एका दुकानातून २०५/६५ आर१५ टाकून घेतले. गाडी थोडी उंच दिसायची, छान वाटायचं. शहरात महिनाभर काही झालं नाही. मग कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो, मागे तिघे, डिकी भरलेली. आंबा घाटात वळणावर खड्डा आला की मागून ‘खर्र’ असा आवाज, आणि थोड्या वेळाने जळक्या रबराचा वास. साखरप्याला थांबून पाहिलं. मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्यावर काळी, चकचकीत रेघ उमटली होती, आणि टायरच्या खांद्यावर बोटभर रुंदीचा पट्टा रंधा मारल्यासारखा तासून निघाला होता. त्या पट्ट्यावर नख फिरवलं तर कडा हाताला लागत होती. तिथून पुढे सामान एसटीच्या टपावर आणि दोन माणसं एसटीत, अशी रत्नागिरी गाठली. पत्नी आणि सासूबाई एसटीत बसून जाताना मला जे वाटलं ते अजून आठवतं. व्यासाचं गणित आधी केलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं: त्रिज्या १३ मिमीने वाढली, रुंदी २० ने, आणि मागे तेवढी जागाच नव्हती.

## पायरी ८: टायर विकत घेताना

माप ठरलं, जागा तपासली, आता खरेदी. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. ते फक्त एका बाजूला असतात, म्हणून टायर उलटून बघा. चारही टायर वर्षाच्या आतले मागा. आयएसआय चिन्ह बघा. बिलावर माप, भार-वेगाचा निर्देशांक आणि प्रत्येक टायरचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंटीला तोच लागतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे मांडलं. तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटचं माप वापरलंत तर बोलायला जागा राहते. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं मात्र लांबूनच नजरेत येतात. बाहेरचे अलॉय टाकले तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि त्यांची किंमत पॉलिसीत नोंदवून घ्या.

## पायरी ९: बसवण्याचा क्रम

व्हॉल्व्ह नवे टाकून घ्या. जुन्या व्हॉल्व्हवर नवा टायर ही कवडीची बचत आहे. गाडीत टायरचा दाब दाखवणारे सेन्सर असतील तर ते जुन्या रिममधून जपून काढून नव्यात लावायला सांगा, आणि टायर उतरवताना पहार कुठे लावतात त्यावर लक्ष ठेवा.

टायरवर बाण असेल तर तो पुढच्या दिशेला. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर. हे इतकं साधं असूनही चारातलं एक चाक उलटं बसलेलं मी अनेकदा पाहिलंय.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या, नाहीतर रिम सपाट टेकत नाही. नट आधी हाताने, मग समोरासमोर आळीपाळीने, आणि शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच. हवेवर चालणाऱ्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. त्याने स्टड (नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे) ताणले जातात, आणि रात्री रस्त्यात पंक्चर झालं तर डिकीतल्या पान्याने तो नट हलत नाही.

बॅलन्सिंग चारही चाकांचं, मग अलाइनमेंट. याच क्रमाने.

हवा किती? व्हेरिएंट बदलाचं माप असेल तर त्या मापासमोर स्टिकरवर दिलेला दाब. टायरच्या अंगावर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा असते, रोज भरायचा आकडा नव्हे. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासा.

## पायरी १०: पहिले शंभर किलोमीटर

५० ते १०० किमी झाल्यावर नट पुन्हा त्याच टॉर्कला तपासा. नव्या अलॉयवर ते किंचित बसतात, म्हणून ही फेरतपासणी ऐच्छिक समजू नका.

मोकळ्या रस्त्यावर मोबाइलच्या जीपीएसचा वेग आणि काटा ताडून बघा. शेजारी बसलेल्याने बघायचं, चालवणाऱ्याने नव्हे. काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर ठीक. कमी दाखवत असेल तर पायरी ३ वर परत जा, गणित कुठेतरी चुकलंय.

गाडी पूर्ण भरून एखाद्या चढ-उताराच्या रस्त्यावर नेऊन आणा आणि घरी आल्यावर चारही मडगार्डच्या आत टॉर्च मारा. चकचकीत काळी रेघ कुठेही दिसता कामा नये.

शेवटी स्टेपनी. १५ इंचांवर गेलात आणि डिकीत जुनी १४ ची १६५/८० राहिली, तर व्यास जवळपास सारखा असल्याने पंक्चरच्या दुकानापर्यंत ती चालेल, मात्र ब्रेकवर ती चढते का ते आजच एकदा लावून बघा. अलॉयचे नट या लोखंडी रिमला चालत नसतील तर मूळचे नट कापडी पिशवीत घालून स्टेपनीच्या खड्ड्यातच ठेवा. आणि स्टेपनी अरुंद, तात्पुरती असेल तर तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. तिच्या हवेचा दाबही नेहमीच्या चाकांपेक्षा बराच जास्त असतो. हवा भरायला जाल तेव्हा चार नव्हे, पाच चाकं तपासून घ्या.